पाच महिन्यांत शंभर देश

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी ६८ वर्षांचा, धरमपेठेत राहतो. १९८६ साली हॅम रेडिओचं (हौशी रेडिओचं) लायसन्स मिळालं, तेव्हापासून मोर्सवर (टिंब-रेषांच्या संकेतावर) आहे. पाण्याच्या टाकीपासून अंगणातल्या आंब्यापर्यंत ताणलेला डायपोल (तारेची अँटेना) आणि एक जुनी रिग (रेडिओ संच), एवढाच संसार. १०० देशांशी संपर्क पूर्ण करायला मला ११ वर्षं लागली. संपर्काची पावती म्हणून येणारं एकेक क्यूएसएल कार्ड दोन-दोन वर्षांनी यायचं.

नातू इंजिनीअरिंगला आहे. गेल्या वर्षी त्याला स्वतःचं व्हीयू३ कॉलसाइन (हवेतली ओळख) मिळालं. माझ्याच डायपोलला लॅपटॉप जोडून तो एफटी८ (संगणकच आखूड निरोप पाठवतो आणि वाचतो ती पद्धत) चालवू लागला आणि पाच महिन्यांत त्याचे १०० देश झाले. पोट्टं धावत सांगायला आलं, आणि मी बोलून गेलो, 'याला काय रेडिओ म्हणतेत? यंत्र यंत्राशी बोलते, तू नुसता पाहतोस.' त्या दिवसापासून तो रेडिओच्या खोलीत आला नाही. जनरल ग्रेडची (वरच्या लायसन्सची) परीक्षा द्यायची म्हणत होता, तेही नाव काढत नाही.

इकडे मी १४.०३० मेगाहर्ट्झवर तासभर सीक्यू (सगळ्यांना हाक) देतो, कोणी येत नाही. सगळी गर्दी एफटी८च्या १४.०७४ वर. वाटते, रिग विकावी आणि डायपोल उतरवून टाकावा. माझं चुकलं का?

उत्तर:

काका, नमस्कार.

हो, चुकलं. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. एफटी८बद्दल तुमचं जे मत आहे त्यातलं बरंचसं मलाही पटतं, त्याकडे पुढे येते. पण शंभरावा देश लागला तेव्हा तो पोरगा मित्रांकडे गेला नाही, तुमच्याकडे आला. शंभर देश म्हणजे काय हे त्या घरात फक्त तुम्हाला कळतं. त्याला शाबासकी हवी होती आणि ती एकाच माणसाकडून हवी होती. ती आधी द्या. मोर्स की एफटी८ हा वाद त्यानंतर घाला, आणि मनसोक्त घाला.

आता यंत्र यंत्राशी बोलतं याबद्दल.

मी मनीषनगरला पाचव्या मजल्यावर राहते. सुरुवातीला इथे ७ मेगाहर्ट्झवर मोर्स छान ऐकू यायचं. मग आजूबाजूला इमारती उठल्या, घरोघरी एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आले, गच्च्यांवर सोलर बसलं, आणि मार्च संपता संपता कूलरच्या मोटारी सुरू झाल्या की सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर नुसत्या गोंगाटानंच ९ वरून खाली यायला तयार नाही. तुमच्याकडे अंगण आहे, आंबा आहे, शेजारघर जरा लांब आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅमच्या नशिबी हे नसतं. मी जवळजवळ दोन वर्षं रिग झाकून ठेवली होती. २०१९च्या एप्रिलमध्ये एका मित्राच्या आग्रहावरून लॅपटॉप जोडला आणि पहिल्याच संध्याकाळी इटलीतल्या एका स्टेशननं मला उणे १९ डेसिबलचा रिपोर्ट (माझा सिग्नल किती क्षीण पोचला त्याचं माप) दिला. त्याच क्षणी माझ्या हेडफोनमध्ये फक्त शेजारचा कूलर होता. मी रडले होते त्या दिवशी, काका. माझा आवाज इथून बाहेर जातो आहे, हे मला दोन वर्षांनी कळत होतं.

हे होतं कसं, ते पाहा. एफटी८मध्ये १५-१५ सेकंदांच्या पाळ्या असतात. एका पाळीत साधारण १२.६ सेकंद आठ सुरांचा एक ठरलेला क्रम जातो, त्याची रुंदी जेमतेम ५० हर्ट्झ. एका निरोपात फक्त ७७ बिट: दोन कॉलसाइन आणि एक लोकेटर (ठिकाणाचा संकेत) किंवा रिपोर्ट. पण त्या ७७ बिटांना दुरुस्तीचे इतके बिट जोडलेले असतात की मधले तुकडे हरवले तरी निरोप उभा राहतो. २५०० हर्ट्झ रुंदीतला सगळा गोंगाट मोजला तर त्याच्या शंभराव्या भागाइतका सिग्नलही वाचता येतो. तरबेज मोर्स कान साधारण तिसाव्या भागापर्यंत पोचतो. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एफटी८चं कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त मोर्सवाल्यांच्या कानाचं. इतकं गणित, इतका संगणक, आणि माणसाच्या कानापुढे पाच-सहा डेसिबलचीच आघाडी!

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. या सॉफ्टवेअरला आपलं स्वतःचं कॉलसाइन माहीत असतं. आपण कोणाला हाक मारली आहे तेही माहीत असतं. त्यामुळे पुढचा निरोप काय असू शकतो याचा अंदाज धरूनच ते गोंगाटात शोधतं. आता तुम्ही आठवा, पावसाळ्यातल्या कडकडाटात तुमचं कॉलसाइन अर्धंच ऐकू येतं आणि तरी तुम्ही ओळखता. कान तेच करत असतो. ज्याची वाट पाहतोय तेच त्याला आधी सापडतं.

हे गणित ज्यांनी मांडलं त्यातले एक, जो टेलर, शाळकरी वयापासून हॅम. पुढे रेडिओ खगोलशास्त्रात गेले, १९७४ साली रसेल हल्स यांच्याबरोबर पहिला जोड-पल्सार (दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीनं फिरणारा, रेडिओचे ठोके देणारा तारा) शोधला, आणि त्यासाठी १९९३ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. आयुष्यभर गोंगाटात बुडालेला सिग्नल शोधणारा माणूस. २००१ पासून त्यांनी हॅम लोकांसाठी असली सॉफ्टवेअर लिहायला घेतली, आधी उल्कांच्या शेपटांवरून सिग्नल परतवण्यासाठी, मग चंद्रावरून. एफटी८ आलं २०१७ च्या मध्यात, स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर. नावातले एफ आणि टी म्हणजे फ्रँक आणि टेलर, ८ म्हणजे आठ सूर. म्हणून तुमच्या नातवाला नुसता पाहणारा म्हणू नका. तो ज्या खिडकीतून पाहतो ती एका फार मोठ्या ऐकणाऱ्यानं बांधली आहे.

इथवर मी नातवाची वकिली केली. आता तुमची.

एफटी८ बनवलं ते कशासाठी, हे त्याच्या भक्तांनाही आठवत नाही. ५० मेगाहर्ट्झवर उन्हाळ्यात कधीतरी आयनोस्फिअरमध्ये दाट पट्टा तयार होतो, दोन-तीन उड्या मारत सिग्नल दूर जातो आणि काही मिनिटांत सगळं मिटतं. तेवढ्या वेळात दोन कॉलसाइनं आणि दोन रिपोर्ट पोचले तरी पुष्कळ, म्हणून निरोप इतका आखूड. चंद्रावरून किंवा उल्केवरून बोलतानाही गप्पा शक्यच नसतात. पण हेच हत्यार लोकांनी १४ आणि ७ मेगाहर्ट्झवर आणलं, जिथे गप्पा मारता येत होत्या. आणलं कारण २०१७ ला सूर्यावरचे डाग कमी होत चालले होते, आणि डाग कमी की दूरचं ऐकू येणंही कमी. डागांचं चक्र २०१९ च्या डिसेंबरात तळाला गेलं, बँड ओस पडले, आणि ज्यांना आवाजावर काहीच मिळेना त्यांना १४.०७४ वर जग ऐकू येऊ लागलं. मग पुढचं चक्र वर चढलं, २०२४ मध्ये शिखरावर पोचलं, १० मीटरचा बँड दिवसभर उघडा राहू लागला, तरी ती माणसं ७४ वरच बसून राहिली. याचं मलाही वाईट वाटतं. रस्ता मोकळा असताना दाराशी येऊन नुसती कडी वाजवायची आणि निघून जायचं, असं झालंय. तुमच्या १४.०३० वरच्या शांततेत सूर्याचा थोडा आणि या सवयीचा बराच वाटा आहे.

खरं तर मोर्सपेक्षा जास्त फटका बसला पीएसके३१ला. पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ च्या सुमारास ते आणलं तेव्हा लोक कीबोर्डवर तासन्‌तास गप्पा मारायचे. हवामान, अँटेना, नातवंडं, गुडघेदुखी, सगळं. ते डिजिटलच होतं, तरी त्यात माणूस होता. आज तिथे फारसं कोणी भेटत नाही. तेव्हा तुमचं भांडण डिजिटलशी आहे असं मला वाटत नाही. बोलणं संपलं, याचं तुम्हाला दुःख आहे. हे दुःख खरं आहे, पण ते नातवानं केलेलं नाही.

एक विचारू? तुमच्या त्या शंभर कार्डांपैकी किती क्यूएसओत (संपर्कांत) खरंच बोलणं झालं? दूरच्या बेटावर मोहीम गेली की हजारो लोक एकदम हाक मारतात, मिळतं काय, कॉलसाइन, ५९९ हा ठरलेला रिपोर्ट, थँक्यू. तुमच्या भिंतीवरच्या कार्डांत अशी निम्मी तरी असतीलच. तेही दोन कॉलसाइन आणि एक रिपोर्टच. फरक हा की ते तुम्ही हातानं पाठवलं, कानानं घेतलं, आणि कार्डाची वाट पाहिली. तो फरक मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. म्हणून तर देशांच्या मोजणीतही मोर्सचं, आवाजाचं आणि डिजिटलचं प्रमाणपत्र वेगवेगळं मिळतं. तुमच्या ११ वर्षांतला एक दिवसही नातवाच्या पाच महिन्यांनी खाल्लेला नाही.

जाता जाता, आपल्या नागपूरकरांना कळेल असं एक माप. १९८८ साली सुरू झालेलं आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनल आपल्या इथल्याच १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर, रात्रभर देशभर ऐकू जायचं. तुमचा नातू त्याच्या पन्नास हजाराव्या भागात, २० वॅटमध्ये, शंभर देशांत पोचला असेल. दुसऱ्याचं कौतुक करताना कंजूषपणा करू नये अशी ही गोष्ट आहे.

पण त्याच्याशी बोलताना एका बाबतीत अजिबात सूट देऊ नका. यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर जायचं नाही. मूळ सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नवी हाक माणसानंच द्यावी लागेल अशी रचना मुद्दाम ठेवली आहे. पण त्याच्या अशा आवृत्त्या फिरतात ज्या रात्रभर एकट्याच हाका देतात, उत्तरं देतात, लॉग भरतात. आपण झोपलोय आणि आपलं कॉलसाइन जगभर फिरतंय, हे मला मान्य नाही. कॉलसाइन म्हणजे आपली सही. तिथे तुमचं 'यंत्र यंत्राशी बोलते' शंभर टक्के खरं ठरतं, आणि तिथे ते जोरात बोला.

दुसरं, त्याचं सेटिंग एकदा तुम्ही स्वतः तपासा. आणि हो, हे मी मुद्दाम तुमच्यावर सोपवते आहे. मोर्समध्ये रिगला टिंब-रेषांच्या मध्ये श्वास घ्यायला मिळतो. एफटी८मध्ये १२.६ सेकंद सलग पूर्ण ताकद, मग पुढची पाळी ऐकण्याची, पुन्हा तेच. मे महिन्यात आपल्याकडे बंद खोलीत काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. १०० वॅटची रिग ३० वॅटच्या वर नेऊ देऊ नका, फायनल (शेवटचे ट्रान्झिस्टर) जळाले की सुटे भाग शोधत हिंडावं लागेल. एएलसीची सुई (ऑडिओ जास्त झाला की हलते ती) हलता कामा नये. मी पहिल्या आठवड्यात ऑडिओ इतका चढवला होता की माझा एकच सिग्नल ७००, १४०० आणि २१०० हर्ट्झवर, तीन ठिकाणी दिसत होता. एका परदेशी हॅमनं ई-मेल पाठवून सभ्यपणे सांगितलं. आपला सूर १५०० ते २००० हर्ट्झच्या मध्ये ठेवला की त्याची पिल्लं फिल्टरच्या बाहेर पडतात. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं, दोनेक सेकंद पुढेमागे झालं तरी काही डिकोड होत नाही. आणि लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर फेराइट (गोंगाट अडवणारं कडं) चढवा, तुमच्या मोर्सलाही त्याचा फायदा होईल.

ही कामं करायला बसलात की तो खोलीत येईलच. त्याला 'ये' म्हणायची गरजही कदाचित पडणार नाही.

मग एखाद्या संध्याकाळी, सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी, दोघं बसा. सूर्य मावळताना ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झवर) युरोपचा रस्ता कसा उघडतो हे तुम्ही ३०-४० वर्षं कानानं ऐकलंय. तो तेच नकाशावर पाहतो, आपला सिग्नल कुठे कुठे ऐकू गेला त्याचे ठिपके काही मिनिटांत उमटतात. तुम्ही आधी सांगा, आता कुठला भाग उघडेल. मग ठिपके पाहा. तुम्ही किती वेळा बरोबर निघता ते त्याला दिसू द्या. आणि जिथे ठिपके दाट होतील तिथे, लॅपटॉप बाजूला ठेवून, ७.०३० वर जाऊन सीक्यू द्या. माझा स्वतःचा अनुभव असा की एफटी८ हेर म्हणून फार कामाचं आहे. बँड मेलेला नाही हे ते सांगतं. पुढे बोलायला जायचं की नाही हे आपल्या हातात.

जनरल ग्रेडचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. आपल्याकडच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स लागत आलंय. त्याला ते शिकायचं आहे, आणि शिकवणारा घरात बसलाय. ॲपवरून शिकता येतं, पण त्यात चुकलं की लाल अक्षर दिसतं एवढंच. दोन अक्षरांमध्ये किती थांबायचं, थकल्यावर मनगट कसं सैल सोडायचं, समोरचा नवखा आहे हे पहिल्या चार अक्षरांतच ओळखून आपला वेग कसा कमी करायचा, हे तुमच्याजवळ बसूनच येईल. त्याला टिंब-रेषा मोजायला लावू नका, अक्षर सुरासारखं ऐकायला लावा. आणि अक्षर जरा वेगानं पण अक्षरांमधली जागा मोठी, असं पाठवा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एक गोष्ट मात्र त्याला आवर्जून सांगा, कारण ती नकाशावर दिसत नाही. २००४ च्या डिसेंबरात हॅम भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, हॅमच्या मोजणीत वेगळा धरला जाणारा तो दुर्मीळ 'देश' जगाला मिळवून द्यायला. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली. फोन बंद पडले. त्यांनी देश वाटणं थांबवलं आणि त्याच रिगवरून माणसांची खुशाली पोचवायला सुरुवात केली. कोण सुखरूप, कोण सापडत नाही, कोणाच्या घरी काय कळवायचं. हे निरोप बोलूनच जातात. एफटी८मध्ये स्वतःच्या मनानं लिहायचं म्हटलं तर एका पाळीत १३ अक्षरं मिळतात. तेवढ्यात एका माणसाचं नाव आणि गाव मावत नाही. त्याच धाटणीवर बांधलेलं जेएस८कॉल आहे, त्यात लांब निरोप टाइप करता येतो, पण सावकाश. त्याला डिजिटलच आवडत असेल तर ते दाखवा, त्यात निदान वाक्यं आहेत.

आणि नागपूर या कामासाठी बसवल्यासारखं आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, सगळी सातशे ते हजार किलोमीटरच्या आसपास. सकाळी ४० मीटरवर एका उडीत चारही कोपरे येतात. नेट (अनेक स्टेशनांची हवेतली बैठक) चालवायला, एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नसेल तर मधून निरोप पुढे द्यायला, यापेक्षा चांगली जागा देशात नाही. ते चालवायला मात्र शांत आवाज, शिस्त आणि समोरच्याला बोलू देण्याची सवय लागते. ती नातवाला तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसूनच लागेल.

रिग विकू नका. डायपोल उतरवायचाच असेल तर मृगाच्या आधी एकदा उतरवा, टाकीकडचा सोल्डरचा जोड आणि कोॲक्स केबलच्या तोंडात पाणी शिरलंय का ते पाहा, दोर कुजला असेल तर बदला, आणि पुन्हा चढवा. आंब्यावर त्याला चढू द्या, दोर तुम्ही खालून धरा.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला ७.०३० वर हाक द्या. मी ऐकत असेन. माझा वेग मधल्या काळात १२ शब्दांवर आलाय, तेव्हा जरा हळू पाठवा. नातू शेजारी बसला असेल तर त्याचंही नाव पाठवा.